एका दोराची रापण

संचिताच्या पाठीचा घामेजलेला ठसा नाचाच्या तालमीच्या काळ्या लिनोलियमवर उमटला आणि नर्मदेला मळमळलं. झालं ते एवढंच. संचिता कूस बदलून उठली आणि तिच्या जागी दोन खांदे, मधला कणा आणि खाली कमरेचे दोन खळगे असं सगळं ओलं, चकचकीत राहिलं, बाजारातल्या फरशीवरून सुरमई उचलल्यावर राहतं तसं. असे ठसे नर्मदेने आयुष्यात किती पाहिले असतील त्याला मोजदाद नव्हती. उलट एके काळी तालीम संपल्यावर रिकाम्या खोलीत उभं राहून ती ते वाळताना बघत असे, आणि त्यात तिला काही तरी सापडल्यासारखं वाटे. त्या दिवशी मात्र "पुसा ते" एवढंच ती बोलली. कुणीतरी पायाने फडकं फिरवलं, ठसा पुसला न जाता नुसता फाकला, आणि ती पदर तोंडाशी धरून मोरीत गेली. नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. आलं काहीच नाही. पित्त असेल, तिने स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी एका मुलाच्या पायाचं काळं पडलेलं नख दिसलं आणि पुन्हा तेच. मग उडी मारून खाली येताना नाकातून सुटणारा श्वास. मग गुडघे जमिनीला घासण्याचा आवाज. मग काखा, केस, मानेवरचं मीठ. पित्ताची गोळी या सगळ्यावर कशी चालणार? नाच म्हणजे शेवटी माणसांची अंगं, आणि पुण्यातल्या त्या तालमीच्या खोलीत सत्तरीला टेकलेल्या नर्मदेला माणसांच्या अंगांची शिसारी आली होती.

हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? स्वयंपाक्याला अन्नाचा वास सहन होईना, अशातली गत. सगळा जन्म तिने दुसऱ्यांच्या पाठींवर हात ठेवून काढला होता. नाच बसवणं म्हणजे तिच्या लेखी तेच होतं: मुलगी चुकली की बोलायचं नाही, तिच्या कण्यावर बोटं टेकवायची, एकेक मणका दाबत खाली यायचं आणि कुठे अडलंय ते बोटांना कळू द्यायचं. त्या बोटांवर वर्तमानपत्रांतून लेख आले होते. आता ती बोटं ती मुठीत मिटून ठेवी आणि छत्रीच्या टोकाने दाखवी, "इथे वाक." संचिताच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं असणार. ती तालमीआधी अंघोळ करून येऊ लागली. ओल्या केसांची, साबणाच्या वासाची संचिता समोर उभी राहिली की नर्मदा तोंड फिरवी, कारण त्या साबणात दया होती.

अशा दिवसांत निकेतचा फोन आला. निकेत नर्मदेच्याच मालवणचा, पुण्यात शिकून परत गेलेला. किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टसाठी कार्यक्रम जमवण्याचं काम करायचा. त्याला 'रापण' हवं होतं. सगळ्यांना तेच हवं असे. नर्मदेने पुढे पुष्कळ काही बसवलं, पण लोकांनी धरून ठेवलं ते एवढंच: किनाऱ्यावरून जाळं ओढणारी माणसं, वाकलेल्या पाठी, संगीत नाही, नुसते श्वास आणि एक जाड दोर. निकेतचं म्हणणं असं, की हंगामभर रोज संध्याकाळी ते समुद्राकाठीच करायचं. संचिताने तिथे राहून सांभाळायचं. बाईंनी फक्त एक प्रयोग तिथे येऊन बघायचा आणि हो म्हणायचं. बाईंचा हो लागणारच होता. 'रापण' नर्मदेने कधी कॅमेऱ्यात घेऊ दिलं नव्हतं, बाहेरच्या कुणाला शिकवलं नव्हतं. ते तिच्यात होतं आणि तिच्या मुलांत. तिने हो म्हटलं तर ते संचिताच्या हाती जाणार, नाही म्हटलं तर तिच्याबरोबर चितेवर जाणार. मनातून ती नाहीच म्हणणार होती. जळून जाऊ दे, असं तिला गोळी घेताना, दात घासताना, भाजी निवडताना वाटे. जळणं तेवढं तरी स्वच्छ असतं.

संचिताला हे कळत होतं. आंबोलीचा घाट उतरताना बस धुक्यात थांबली, बाकीची मुलं वडापाव खायला आणि माकडांचे फोटो काढायला खाली उतरली, आणि संचिता पुढच्या सीटवरून मागे वळली. पस्तिशी ओलांडलेली मुलगी. एका गुडघ्याला कायमचा पट्टा. "ताई, तुम्ही नाही म्हणणार आहात ना?"

"बघू."

"म्हणा खुशाल. पण मग मी काय करू ते सांगा. शाळांच्या गॅदरिंगला पोरांना ससे-कासवं करून नाचवते मी. माझ्या अंगात खरं असं 'रापण' तेवढंच एक आहे. तेही तुमच्या परवानगीचं."

नर्मदेने लिंबू नाकाशी धरलं होतं. तिने ते हुंगलं आणि खिडकीबाहेर बघितलं. बाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं. त्या मुलीचा राग तिला आवडला. पण बोलताना तिच्या ओठांच्या कोपऱ्यात पांढरी थुंकी जमली होती, आणि नर्मदेला तेवढीच दिसत राहिली.

रिसॉर्टच्या दारात प्लायवूडची एक कोळीण उभी होती. हिरवं लुगडं, डोक्यावर पाटी, पाटीतल्या माशांच्याही चेहऱ्यावर हसू, आणि कोळणीच्या तोंडाच्या जागी भोक. पाहुणे मागून जाऊन त्या भोकात आपापली तोंडं घालत होते आणि पुढून फोटो निघत होते. एक टक्कल पडलेलं तोंड, मग एक चष्म्याचं, मग जीभ बाहेर काढलेलं. हिरवं लुगडं तेच. नर्मदा बघत राहिली. मग कुणीतरी तिच्या हातात पाकातलं गोड कोकम दिलं, त्यात नळी खोचलेली; आणि निकेत धावत आला, वाकून पाया पडला. त्याच्या अंगाला अत्तर, तळलेला मासा आणि पोहण्याच्या तलावाचं औषध असा तिन्हींचा वास होता.

"मॅडम, दोराचं सगळं मी सॉलिड केलंय. थिएटरात तुमची विंगेत दोन माणसं दोर धरून असतात ना, वजन यावं म्हणून? इथे विंग कुठली! मी पोती वाळूने भरून पाण्यात सोडली. दोर त्यांना. म्हणजे मुलं ओढतील तेव्हा खरंच जड जाणार."

"पोती."

"खताची आहेत, पण धुऊन घेतली."

नर्मदा हसली. चाळीस वर्षं ती ज्या हसण्याने संयोजकांकडे बघत आली तेच ते हसणं होतं, आणि गालांच्या आत ते तिला शिळ्या भातासारखं लागलं.

संध्याकाळला वेळ होता. ती वाडीत बहिणीकडे गेली. यमुना तिच्याहून मोठी. सगळा जन्म मासे विकून आता पडवीत बसलेली. शेजारी रुकय्या होती, सुक्या माशांचा व्यापार केलेल्या घरातली, यमुनेची बाजारातली जन्माची भांडखोर मैत्रीण. दोघी मिळून सोडे, सुकी कोळंबी, निवडत होत्या. वास एकदम आला. नर्मदा उंबऱ्यातच थबकली.

"इलंस? ये गो, ये," यमुना म्हणाली. "काय ह्या सुकलंस! पुण्याक मासळी मिळणा नाय काय? बस, सुंगटाची कढी केलंय."

"जेवण नको गो. पोटात ढवळता."

"ह्या वयात?" रुकय्याने मान वर केली. "मगे यमने, पेढे वाट!"

दोघी अशा हसल्या की सूप हललं. नर्मदेलाही हसू आलं, ते मात्र आतून आलं. यमुनेने विचारलं, "सांजचो तुझोच नाच आसा मा? आमका बघूक सोडतले?"

"तिकिटां आसत."

"दर्याक तिकीट?"

"आमी होड्यांकडे बसान बघू," रुकय्या म्हणाली. "दर्यो काय कोणाच्या बापाशीचो न्हय."

नर्मदा खांबाला टेकून बसली. सोड्यांचा वास आता नाकात मुरला होता. ह्याच वासासाठी तिने किती काय केलं होतं. शाळेत जाताना हात राखेने घासायचे, मग लिंबाने, मग चाफ्याचं फूल चुरगळून. तरी बाकावर शेजारी बसणारी मुलगी सरकून बसायची. पुण्याला राधाबाईंकडे ती आधी राहिली ती त्यांचं तान्हं मूल सांभाळायला. राधाबाई भरतनाट्यम शिकवत. मूल मांडीवर घेऊन नर्मदा दाराशी बसे, मूल झोपलं की मागच्या रांगेत उभी राही. राधाबाई चांगल्या होत्या. त्यांनी तिला शिकवलं, खाऊ घातलं, शाळेत घातलं. फक्त रोज तिच्या पाठीवर चापट मारत. "पाठ! पाठ सरळ! काय गं, ओझं वाहून आल्यासारखी उभी राहतेस!" ती पाठ सरळ होत नव्हती. बाप तिला लहानपणापासून रापणीच्या दोराला लावत असे. कोवळा कणा ओला दोर ओढता ओढता जसा वळला तसा राहिला. वर्षानुवर्षं ती त्या पाठीशी झगडली, आणि मग एका दुपारी, राधाबाईंची शाळा सोडल्यानंतर, भाड्याच्या खोलीत तिने आरशासमोर तिला वाकू दिलं. हवं तितकं वाकू दिलं. हातात काही नसताना ओढू लागली. तिथून 'रापण' निघालं.

मग जे झालं त्यात तिचा हात किती होता हे तिला कधीच कळलं नाही. दिल्लीला प्रयोगानंतर रेशमी साडीतली एक बाई रंगपटात येऊन म्हणाली, "मला अगदी मासळीचा वास आला हो!" मुलींनी चंदनाच्या साबणाने अंघोळी केलेल्या. परदेशात एका थंड गावी एका म्हाताऱ्याने, तुमच्या पाठीला हात लावू का, असं दुभाष्यामार्फत विचारलं, आणि तिने लावू दिला. तो रडला. तेव्हा तिला धन्य वाटलं होतं. आता तो हात आठवला की शर्ट काढून टाकावा तशी पाठ काढून टाकावीशी वाटे. श्रमाचं सौंदर्य, असं लिहीत लोक. ऊर्जा. अवकाश. हे शब्द तीही बोलायला शिकली. मुलाखतीत मान किंचित कलती करून बोलायची. शिकवताना मुलांना सांगायची, "दोर नाही, आठवण ओढा." कुणी सांगितलं होतं तिला असलं बोलायला? आठवण कसली ओढायची! बाप दोर ओढायचा तो मासे हवेत म्हणून. आणि मासे आले की दोराकडे ढुंकूनही बघत नसे.

"गप कित्या झालंस?" यमुना म्हणाली. "नाच बरो जाय नाय काय?"

"बरो जाता. माकाच बघूक नको वाटता."

"मगे नको बघू." यमुनेने एक सोडा निवडून दूर टाकला. "माका थोडीच सक्ती हा, सगळी मासळी विकल्यार बघीत रवाची."

संध्याकाळी वाळूत प्लास्टिकच्या पांढऱ्या खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत मधोमध नर्मदा, एका बाजूला रिसॉर्टचे मालक, दुसऱ्या बाजूला त्यांच्या पाहुण्या, पांढऱ्या सुती कपड्यांतल्या, हातात उंच ग्लास. मागे चमचे वाजत होते. अंगाला लावायच्या मलमाचा नारळी वास वाऱ्याबरोबर पुढे येई. सूर्य बुडायला आला होता, आणि तो असा बेतशीर, रंगीत बुडत होता की त्यालाही निकेतनेच सांगून ठेवलं असावं. डाव्या अंगाला, दोरी बांधून आखलेल्या जागेच्या पलीकडे, ओढून ठेवलेल्या होड्या. त्यांना टेकून वाडीतली म्हातारी माणसं बसली होती. यमुना, रुकय्या, आणखी काही बायका. आणि सहदेव, नर्मदेच्या बापाच्या रापणीत तरणाताठा म्हणून लागलेला, आता काठी घेऊन चालणारा. होडीने वेढा घालून दोन्ही टोकांच्या दोरांनी ओढायची ती रापण आता त्या किनाऱ्यावर क्वचितच लागत होती. ट्रॉलर खोल समुद्रातच सगळं खरवडून नेत, काठाला येणार काय?

मुलं आली. करड्या कपड्यांत, अनवाणी. दोर पाण्यातून निघून वाळूवर आला होता. संचिता सगळ्यांत पुढे, पाण्याच्या बाजूला. तिने दोर उचलला, बाकीच्यांनी उचलला, पाठी वाकल्या. श्वास सुरू झाले. मागे कुणीतरी "वॉव" म्हणालं. नर्मदेने नजर दोरावर ठेवली, माणसांवर नाही. तरी तिला सगळं कळत होतं: संचिताने दुसरं पाऊल उशिरा टाकलं, एक मुलगा पाठीतून नाही, दंडातून ओढतोय, वाळूमुळे तळपाय फिरताहेत. तिच्या बोटांनी तिच्याच मांडीवर चुणी केली. शेजारची पांढऱ्या कपड्यांतली बाई तिच्याकडे झुकली. "इतकं रॉ आहे ना, मॅडम!" तिच्या श्वासाला आंबट वास होता.

आणि मग होड्यांकडून आवाज आला. "अगो चेडवा! पाय रोव! पाय!"

सहदेव उठला होता. काठी त्याने होडीला टेकवून ठेवली. "असा ओढलंस तर कंबर मोडतली! आणि हो एकच दोर? एका दोराची रापण? दुसरो दोर काय सासऱ्यान नेलो रे?"

खुर्च्यांत हशा झाला. लोकांना वाटलं, कार्यक्रमातलंच. आखलेली दोरी ओलांडून सहदेव सरळ आत आला, संचिताच्या मागे उभा राहिला आणि दोराला हात घातला. त्याच्यामागून रुकय्या, पदर खोचत. मग यमुना. मग बाकीच्या. निकेत धावला, "आजोबा, ओ आजोबा, शो चालू आहे," तेव्हा यमुनेने त्याला कोपरानेच बाजूला केलं. "गप रे. दोर ओढतत तेव्हा बघीत बसाचा नसता."

हे नर्मदेला जन्मापासून माहीत होतं, आणि कधी कुणी तिला सांगितलेलं तिला आठवत नव्हतं. रापण लागली की किनाऱ्यावर जो असेल त्याने दोराला हात लावायचा. पोस्टमन असो, शाळामास्तर असो. एकदा तर वरात अडून नवरदेवानेही मुंडावळ्यांसकट ओढलं होतं. ज्याचा हात लागला त्याला वाटा. ज्याने हात लावला नाही त्याला नाही, मग तो जाळ्याच्या मालकाचा जावई का असेना. एका वर्षी बाप कुणाशी तरी भांडून दुपारभर वाळूत बसून राहिला. त्या रात्री सगळ्या वाडीत तळणीचा वास होता आणि त्यांच्या घरात पेज आणि लोणचं. यात रागावण्यासारखं काही नव्हतंच. आणि ही माणसं खुळी नव्हती. हा नाच आहे, पोतं बांधलेलं आहे, हे त्यांना ठाऊक होतं; निकेतच्या माणसांना सकाळी पोती भरताना त्यांनी आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं. पण समोर दोर ताणला गेला आणि त्यांच्याने बसवेना.

आता दोर खरंच येऊ लागला. श्वासांची बसवलेली लय मोडली. त्या जागी शिव्या, खोकले, "हैऽऽस" असा फाटका आवाज. मुलं गोंधळली, दोघांनी दोर सोडून नर्मदेकडे बघितलं. संचिताने बघितलं नाही. सहदेवने मागून तिच्या पोटरीला पायाने ढोसलं, "हय रोव," आणि तिने रोवला. तिची पाठ वळली. नर्मदेने तिला कितीदा छत्रीने दाखवलेला तो मणका आपोआप, कुरूपपणे, सुटला.

"गो नर्मदे!" यमुना ओरडली. "बसलंस काय? ये, हात लाव!"

सगळ्या खुर्च्या तिच्याकडे वळल्या. नर्मदेला उठायचं होतं. निदान तिला तसं वाटलं. गुडघा धड होता, वाळू चार पावलांवर होती. पण तिच्या ध्यानात आलं की आपण हात मांडीवर जुळवून, मान किंचित कलती करून बसलो आहोत, आणि चेहऱ्यावर ते आहे: रसिकाचं मऊ, ओलसर, समजूतदार तोंड. दिल्लीच्या बाईचं तोंड. थंड गावातल्या म्हाताऱ्याचं तोंड. ते तिने कुठल्या तरी भोकातून आत घातलं होतं आणि आता ते बाहेर निघत नव्हतं. तिला स्वतःची अशी किळस आली की सगळ्या घामाची, नखांची, थुंकीची किळस तिच्यापुढे काहीच नव्हती. इतकी वर्षं तिने हेच केलं. दोर ओढणाऱ्या माणसांसमोर खुर्च्या मांडल्या, आणि पहिल्या खुर्चीत स्वतः बसली. आणि हे कळूनही ती उठली नाही. शेजारचे मालक कौतुकाने म्हणाले, "तुमच्या भगिनी का?" आणि ती म्हणाली, "हो."

पोती आली. हिरवी, फुगलेली, शेवाळ चिकटलेली. त्यांच्यात अडकून प्लास्टिकच्या पिशव्या आणि एका बाळाचं लंगोटासारखं काहीतरी, पाण्याने टरारलेलं. सगळे थांबले. म्हाताऱ्यांची छाती भात्यासारखी चालली होती. रुकय्याने वाकून पोत्यांची फुगलेली पोटं बघितली. "बरी गाबोळी भरली हा," ती म्हणाली, आणि ते सगळे हसत सुटले, खोकेपर्यंत.

सहदेवने कमरेचा कोयता काढून एका पोत्याचं पोट फाडलं. ओली काळी वाळू बाहेर आली. त्याने दोन्ही हातांनी ती उपसली आणि जोरात पुकारलं, "वाटो! वाटो घेवा!" मग एकेकापुढे जाऊन ओंजळीत वाळू घालू लागला. यमुनेला घातली. रुकय्याला घातली. मुलांना घातली. ज्या दोघांनी दोर सोडला होता त्यांच्या डोक्यात टपली मारून अर्धी-अर्धी घातली. संचिताला भरभरून दोनदा. "पुढे होतंस गो तू." थट्टाच करत होता तो, पण कुणालाही वगळत नव्हता. तसाच तो खुर्च्यांपाशी आला, नर्मदेसमोर उभा राहिला. तिचे हात आपोआप पुढे झाले. सहदेवने तिच्याकडे बघितलं, ओळखलं. बापाचं नाव घेऊन विचारपूस करणार असं तिला वाटलं. त्याने मूठ मिटून घेतली.

"तू बसलेलंस," तो म्हणाला. रागाने नाही. आणि परत फिरला.

तेवढ्यात टाळ्या झाल्या. आधी मागे, मग सगळीकडे. लोक उभे राहिले. पांढऱ्या कपड्यांतल्या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. टाळ्यांचा तो आवाज ओल्या मांसावर मांस आपटल्यासारखा नर्मदेच्या कानांत शिरला, आणि तिचे रिकामे पुढे झालेले हात, सवयीने, एकमेकांवर आपटू लागले. तिने ते थांबवले.

निकेत घामाने निथळत आला. "मॅडम! कसला एंड झाला! हे रोज करायचं. यांना सगळ्यांना घेऊ, नऊवारी देऊ, वाळूचं ते तर... तुम्ही फक्त हो म्हणा."

संचिता त्याच्यामागे उभी होती. तिच्या ओंजळीतून पाणी गळत होतं आणि तिला वाळू टाकवत नव्हती. तिचा चेहरा लाल, केसांना शेवाळ, नाकातून पाणी. ती नर्मदेकडे बघत होती, आणि नर्मदेला नाही म्हणायचं होतं. शब्द जिभेवर होता. त्या नऊवारीवर, त्या पोत्यांवर, त्या डोळ्यांतल्या पाण्यावर थुंकावा असा तो शब्द होता, आणि तो खरा होता. पण तो बोलायला तिचा हात कुठे लागला होता?

"मला विचारू नका," ती म्हणाली. "तिला विचारा. वाटा तिचा आहे. माझा नाही."

"म्हणजे हो ना?"

"तिला विचारा."

निकेत संचिताकडे वळला. तिने आभार मानले नाहीत, पाया पडली नाही, नर्मदेकडे एकदाच बघितलं, हिशेब संपलेल्या माणसाकडे बघावं तसं, आणि म्हणाली, "नऊवारी नको. पोती नको. त्या टोकाला जाळं लावा."

"जाळं लावलं तर मासे येतील ना, मॅडम."

"येऊ देत."

"दोन दोर व्हये," मागून सहदेव म्हणाला. "आणि होडी. जाळां माझ्याकडे आसा, उंदरांनी खाल्ला हा वायच, पण आसा."

"आणि मासे आल्यावर?" निकेतने विचारलं. "ते कोणाचे? गेस्ट लोकांना तर..."

"हात लावतील ते घेतील," संचिता म्हणाली.

"आणि ज्यांनी तिकीट काढलंय ते?"

"तेंका बसूक दी," यमुना म्हणाली.

ते सगळे पाण्याच्या बाजूला सरकले. सहदेव बोटाने हवेत कमान काढून दाखवत होता, होडी कुठून सोडायची, कुठे वळवायची. संचिता खाली बसून तेच वाळूत ओढत होती. तेही ओंगळच होणार, नर्मदेला वाटलं. पाहुणे तडफडत्या बांगड्यांबरोबर फोटो काढतील. कुणी किंचाळेल. संचिता थकेल, सहदेव मरेल, निकेत कशाची तरी पाटी लावेल. तिला त्यातलं काही आवडलं नाही आणि कुणी तिला विचारलंही नाही. ती बराच वेळ तशीच बसून होती. लाट येऊन पायांखालून गेली, खुर्चीचे पाय आणखी रुतले. मागच्या रांगांतल्या खुर्च्या एकावर एक चढत होत्या, त्यांचा खडखड आवाज जवळ येत होता.

"ऊठ गो," यमुना येऊन म्हणाली. तिने पदराला वाळूचे हात पुसले. "भरती इली. नाय उठलंस तर ते तुकाय खुर्चेबरोबर रचून ठेवतले."

नर्मदा उठली. मागून लगेच कुणीतरी खुर्ची उचलून नेली.